उत्तरे देणारे, हार्ट पाठवणारे

नेव्हर ही दक्षिण कोरियातील सर्वांत मोठ्या इंटरनेट कंपन्यांपैकी एक. सॅमसंग एसडीएसमध्ये नोकरी करणाऱ्या ली हे-जिन यांनी काही सहकाऱ्यांना घेऊन 1999 मध्ये ती सुरू केली, तेव्हा देशातल्या अनेक शोधयंत्रांपैकी ते एक शोधयंत्र होते. आज ती बातम्या, खरेदी, नकाशे, वेबटून असे बरेच काही चालवते. तिच्या दोन सेवा मात्र वेगळ्या कारणाने लक्ष देण्याजोग्या आहेत. पहिली 2002 मधली जिशिक-इन. इथे सामान्य लोकांनी प्रश्न विचारायचे आणि सामान्य लोकांनीच उत्तरे द्यायची. दुसरी 2015 मधले व्ही लाइव्ह हे अ‍ॅप. त्यावर कोरियन गायक-गायिका मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर बसून चाहत्यांशी थेट गप्पा मारत. जिशिक-इनसारख्या सेवा पुढे अमेरिकेपासून चीनपर्यंत निघाल्या, आणि व्ही लाइव्हने चाहत्यांच्या अ‍ॅपचा साचा घालून दिला. दोन्ही ठिकाणी कंपनीने जागा बांधली आणि ती भरली लोकांनी, बहुतांशी फुकट. त्यांनी ती का भरली आणि पुढे तिचे काय झाले हे पाहिले, की आजच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळांचा आणि चाहत्यांच्या अ‍ॅपचा बराचसा व्यवहार उलगडतो.

1997 च्या आर्थिक संकटानंतर दक्षिण कोरियाने ब्रॉडबँडवर मोठा भर दिला. शहरांतली वस्ती उंच इमारतींत दाटलेली असल्यामुळे तारा टाकणे सोपे गेले. गल्लोगल्ली ‘पीसी बांग’ म्हणजे तासाच्या भाड्याने संगणक देणारी दुकाने निघाली. 2002 च्या सुमारास घरोघरी वेगवान इंटरनेट असलेल्या देशांत कोरिया अगदी पुढे होता. जोडणी होती, पण वाचायला फारसे काही नव्हते. जालावरचा बहुतेक मजकूर इंग्रजीत, आणि कोरियन भाषेतली कामाची पाने फार थोडी. शोधयंत्र कितीही हुशार असले तरी कुणीतरी लिहून ठेवलेलेच शोधू शकते. एका पानाने दुसऱ्या पानाला दिलेल्या दुव्यांवरून त्या पानाचे वजन ठरवायचे, ही गूगलची मूळ पद्धत. जिथे पानेच विरळ तिथे दुवेही विरळ, त्यामुळे तिथे ती लंगडी पडत होती.

या अडचणीवरचा उपाय एका वृत्तपत्राने आधी चाचपून पाहिला होता. हांक्योरे या दैनिकाने 2000 मध्ये डीबीडिक नावाची प्रश्नोत्तरांची सेवा सुरू केली होती. नेव्हरने ऑक्टोबर 2002 मध्ये जिशिक-इन आणली आणि ती थेट आपल्या शोधाला जोडली. शोधून सापडले नाही, तर वापरणाऱ्याने तिथेच प्रश्न टाकायचा. त्याला आलेले उत्तर साठवले जाई, आणि पुढच्या वेळी कुणी तेच शोधले की ते निकालांच्या यादीत वर दिसे. प्रत्येक अडलेल्या माणसामुळे साठ्यात एका पानाची भर पडे. ज्या भाषेत मजकूर नव्हता, त्या भाषेत तो तयार करण्याची ही युक्ती होती. इतर कंपन्या शोधण्याचे गणित सुधारत असताना नेव्हरने शोधण्याजोगा माल वाढवला, आणि तिचे सगळे यश या निर्णयात आहे असे म्हटले तरी चालेल. एकेकाळी कोरियात आघाडीवर असलेल्या याहू कोरियाला तिने काही वर्षांत मागे टाकले. याहूने 2012 च्या अखेरीस त्या देशातला कारभारच बंद केला.

जिशिक-इनवर प्रश्न विचारणारा आपल्या खात्यातले काही पॉइंट पणाला लावू शकतो. या पॉइंटना ‘नेगोंग’ म्हणतात. युद्धकलेच्या कादंबऱ्यांत अंगी मुरलेल्या शक्तीसाठी येणारा हा शब्द आहे. आलेल्या उत्तरांपैकी विचारणाऱ्याला जे पटेल ते तो निवडतो आणि पॉइंट त्या उत्तरकर्त्याला जातात. जितकी उत्तरे निवडली जातील तितकी श्रेणी वाढते. ती सामान्य माणसापासून सुरू होते आणि वर जाता जाता सूर्यदेव, विश्वदेव असे टप्पे घेत परमदेवापर्यंत पोहोचते. या देवपदाचे पैसे होत नाहीत, तरी ते मिळवण्यासाठी लोक रात्र रात्र जागून उत्तरे लिहीत. एका निवृत्त दंतवैद्यांनी उतारवयात हजारो प्रश्नांना थोडक्यात, मिश्किल उत्तरे दिली आणि ते ‘जिशिक-इनचे आजोबा’ म्हणून देशभर ओळखले जाऊ लागले. मुलांनी थट्टेने विचारलेल्या प्रश्नांनाही ते गंभीर चेहऱ्याने उत्तर देत. त्यांच्या लोकप्रियतेचे अर्धे गमक बहुधा इथेच असावे.

प्रश्न सगळ्या प्रकारचे येत. शाळेचा गृहपाठ, सक्तीच्या लष्करी सेवेचे नियम, घरमालक अनामत परत देत नाही तेव्हा काय करावे, पडलेल्या स्वप्नाचा अर्थ, अंगावर आलेले पुरळ, प्रेमभंग. ओळखीच्या माणसाला विचारायला लाज वाटेल असे कितीतरी, कारण नाव लपवून विचारता येते. कोरियात 2007 पासून मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्याची खरी ओळख तपासण्याची सक्ती कायद्याने झाली होती. तेव्हाही पडद्यावर टोपणनाव दिसे, पण खरे नाव कंपनीकडे नोंदलेले असे. ऑगस्ट 2012 मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने ही सक्ती घटनाबाह्य ठरवली. प्रश्नोत्तरांच्या कोणत्याही ठिकाणी हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. वाचकापासून लपलेला माणूस कंपनीपासून लपलेला असतोच असे नाही.

लोक फुकट उत्तरे का देतात, याचा जिशिक-इनवरचा एक नेटका अभ्यास केव्हिन नाम, मार्क अ‍ॅकरमन आणि लाडा अ‍ॅडॅमिक या तीन संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केला. 2002 ते 2007 या काळातल्या 26 लाखांहून अधिक प्रश्नोत्तरांच्या जोड्या त्यांनी तपासल्या आणि 26 जणांच्या मुलाखती घेतल्या. वरच्या श्रेणीतल्या उत्तरकर्त्यांनी वारंवार सांगितलेली कारणे तीन होती : दुसऱ्याला मदत, स्वतःचे शिकणे आणि आपल्याला येते हे जाणवण्याचा आनंद. पॉइंटांचाही वाटा होता. भरभरून उत्तरे देणारा माणूस मात्र सलग टिकत नाही. तो काही आठवडे झपाटल्यासारखा लिहितो, मग गायब होतो, कधीतरी परत येतो. अशा सेवा चालवणाऱ्यांची मोठी डोकेदुखी हीच आहे, कारण पगार नसलेल्या माणसाला हजेरी लावता येत नाही.

पॉइंट आले की खोटेपणाही आला. जाहिरात कंपन्यांनी लवकरच एक पद्धत शोधून काढली. एका खात्यावरून ‘अमुक भागात चांगला दवाखाना कुठला?’ असे विचारायचे, दुसऱ्या खात्यावरून आपणच दवाखान्याचे नाव सांगायचे आणि पहिल्या खात्यावरून तेच उत्तर निवडायचे. शोधनिकालात ते वर येते आणि वाचणाऱ्याला ती एका अनुभवी माणसाची शिफारस वाटते. असे प्रकार थांबवायला नेव्हरने खाती बंद केली, नियम कडक केले, डॉक्टर आणि वकिलांसारखे व्यावसायिक ओळख दाखवून उत्तरे देतील अशी वेगळी सोय केली. तरी प्रश्न पूर्ण सुटला नाही. शिवाय इतर शोधयंत्रांना नेव्हर हा मजकूर सहजासहजी वाचू देत नसे. लोकांनी लोकांसाठी लिहिलेले ज्ञान एका कंपनीच्या कुंपणात अडकले आहे ही टीका कोरियात बरीच झाली, आणि ती रास्त होती.

अमेरिकेत हाच विचार उलट्या टोकाने सुरू झाला. गूगल आन्सर्स ही सेवा 2002 च्या एप्रिलमध्येच आली, म्हणजे जिशिक-इनच्या सहा महिने आधी. ती पैशांवर चालत असे. प्रश्न विचारणाऱ्याने 2 ते 200 डॉलर देऊ करायचे, गूगलने निवडलेल्या संशोधकाने उत्तर लिहायचे आणि रकमेतले तीन चतुर्थांश त्याने घ्यायचे. उत्तरे बहुतेक वेळा उत्तम असत, पण विचारणारे थोडे. 2006 च्या अखेरीस तिने नवे प्रश्न घेणे थांबवले. याहूने 2005 मध्ये आणलेल्या याहू आन्सर्सचे स्फूर्तिस्थान जिशिक-इन होते. तिथे प्रश्न विचारायला 5 पॉइंट जात, उत्तर दिले की 2 मिळत, सर्वोत्तम ठरले तर 10. गर्दी प्रचंड झाली आणि त्याबरोबर थिल्लरपणाही. विचित्र प्रश्नांचे नमुने म्हणून तिथली पाने जगभर फिरत. पण त्याच ठिकाणी, रात्री अडीच वाजता घाबरलेल्या एखाद्याला धीर देणारी उत्तरेही पडलेली असत. 5 एप्रिल 2021 ला बंद करण्याची घोषणा झाली आणि 4 मे 2021 ला सेवा संपली. घोषणेपासून शेवटापर्यंत महिनाही गेला नाही. स्वयंसेवी जतनकर्त्यांनी जमेल तेवढी पाने उतरवून घेतली.

जपानची गोष्ट निराळी. तिथला याहू जपान हा वेगळ्या मालकीचा असल्याने त्याची 2004 मधली चिएबुकुरो ही प्रश्नोत्तरांची सेवा आजही चालू आहे. 2011 च्या फेब्रुवारीत क्योटो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेतले प्रश्न परीक्षा चालू असतानाच चिएबुकुरोवर झळकले आणि त्यांना उत्तरेही आली. एका परीक्षार्थीने ते मोबाइलवरून टाकल्याचे निष्पन्न झाले. उत्तर देणाऱ्यांना आपण कुणाला कशासाठी मदत करतो आहोत याचा पत्ता नव्हता.

ज्यांनी नियम कडक ठेवले त्यांची गुणवत्ता टिकली. जोएल स्पोल्स्की आणि जेफ अ‍ॅटवूड यांनी 2008 मध्ये सुरू केलेले स्टॅक ओव्हरफ्लो फक्त प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांसाठी आहे. मतावर अवलंबून असणारा, आधी विचारला गेलेला किंवा अर्धवट प्रश्न तिथे बंद केला जातो. उत्तराला पसंतीचे मत मिळाले की 10 गुण, प्रश्नकर्त्याने स्वीकारले की 15. नापसंती नोंदवणाऱ्याचाही एक गुण कापला जातो, त्यामुळे उगाच कुणाला खाली ओढणे महाग पडते. नवख्यांना ही जागा तुसडी वाटते, आणि ते खोटेही नाही. पण तिथला मजकूर मुक्त परवान्याखाली असतो आणि त्याची संपूर्ण प्रत उतरवून घेता येत असे, या एका अटीमुळे तो याहू आन्सर्ससारखा एका रात्रीत नाहीसा होणार नाही. अ‍ॅडम डीअँजेलो आणि चार्ली चीव्हर यांनी 2009 मध्ये स्थापन केलेल्या क्वोराने सुरुवातीला खऱ्या नावाचा आग्रह धरला. त्यामुळे ज्या कंपनीबद्दल प्रश्न असेल तिचाच माजी अधिकारी उत्तर देतो आहे, असे दृश्य तिथे दिसे. 2018 मध्ये चांगले प्रश्न विचारणाऱ्यांना पैसे देण्याची योजना आली आणि प्रश्नांचा कारखाना सुरू झाला. एकच प्रश्न एक शब्द बदलून दहा वेळा. त्याच वर्षीच्या डिसेंबरात सुमारे 10 कोटी खात्यांची माहिती चोरीला गेल्याचे क्वोराने जाहीर केले.

चाहत्यांच्या अ‍ॅपची पाळेमुळेही कोरियातच सापडतात. 2006 मध्ये आलेल्या आफ्रिका टीव्हीवर कुणीही घरून थेट प्रक्षेपण करू शकत असे आणि पाहणारे त्याला ‘तारा फुगा’ नावाची आभासी भेट पाठवत. एक फुगा 100 वॉनचा. कॅमेऱ्यासमोर भरपेट जेवणाऱ्यांचे ‘मुकबांग’ इथेच फोफावले. ही मंडळी सामान्य घरांतली होती. नामांकित गायक तोपर्यंत दूरचित्रवाणी, मैफल आणि दौऱ्यांत भेटत. व्ही लाइव्हने थेट प्रक्षेपणाची ही सवय नामांकित कलाकारांशी जोडली.

ऑगस्ट 2015 मध्ये चाचणी स्वरूपात आलेल्या या अ‍ॅपमध्ये प्रत्येक कलाकाराची वाहिनी असे. चाहत्याने ती फॉलो करायची आणि कलाकार लाइव्ह आला की फोनवर सूचना यायची. बरेचदा पूर्वसूचना नसे. रात्री तालमीनंतर कुणी नूडल्स खात बसलेला, कुणी हॉटेलच्या खोलीत कंटाळलेली. समोर कॉमेंटचा लोंढा, आणि पडद्यावर बोट आपटले की हार्ट वर तरंगत. हार्टची संख्या लाखांत, मोठ्या गटांच्या बाबतीत कोटींत जाई. पाहणे, लिहिणे, हार्ट देणे यांवरून चाहत्याची त्या वाहिनीशी जवळीक आकड्यात मोजणारा ‘केमी बीट’ नावाचा गुणांकही होता. जिशिक-इनच्या देवपदाचा हा भाऊच. बीटीएस या गटाचा ‘रन बीटीएस!’ हा कार्यक्रम याच अ‍ॅपवर 2015 मध्ये सुरू झाला. सोलमधला रात्री नऊचा लाइव्ह भारतात संध्याकाळी साडेपाचला दिसतो, त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या शाळा-कॉलेजच्या मुलामुलींना तो क्लासच्या वाटेवर गाठता येत असे.

थेट प्रक्षेपण पूर्णपणे थेट नसते. कलाकाराच्या फोनवरचे चित्र आधी सर्व्हरकडे जाते. तिथे ते वेगवेगळ्या दर्जांत रूपांतरित होते आणि काही सेकंदांच्या तुकड्यांत कापले जाते. हे तुकडे जगभर पसरलेल्या सर्व्हरांवर ठेवले जातात आणि पाहणाऱ्याचा फोन ते जवळच्या सर्व्हरकडून एकामागून एक मागवतो. नेटचा वेग घसरला की पुढचा तुकडा कमी दर्जाचा येतो, म्हणूनच चित्र मध्येच धूसर होते पण थांबत नाही. या सगळ्यात काही सेकंद, कधी बरेच सेकंद मागे पडतात. कॉमेंट मात्र वेगळ्या वाटेने, जवळजवळ तत्काळ पोहोचतात. म्हणून कलाकाराने प्रश्न विचारला की थोडा वेळ अवघडलेली शांतता पसरते आणि मग एकदम उत्तरांचा पूर येतो. सरावलेले कलाकार हे अंतर ओळखून मधल्या वेळात काहीतरी गुणगुणतात. हार्टच्या बाबतीत अशा अ‍ॅपमध्ये साधारणपणे प्रत्येक टिचकी वेगळी पाठवली जात नाही. फोन काही क्षणांच्या टिचक्या मोजून एकच आकडा कळवतो, नाहीतर सर्व्हर कोलमडेल.

व्ही लाइव्हची सर्वांत मोलाची बाजू सबटायटलांची होती. कलाकार कोरियनमध्ये बोलत आणि प्रेक्षकांतले फार मोठे प्रमाण कोरियन न येणाऱ्यांचे. मोठ्या कार्यक्रमांना कंपनी स्वतः काही भाषांत सबटायटल देई. बाकी भाषा चाहत्यांनी सांभाळल्या. लाइव्ह संपून त्याचा व्हिडिओ झाला की अनुवादक मंडळी अ‍ॅपच्याच साधनाने वेळ जुळवत एकेक वाक्य उतरवत. व्हिएतनामी, स्पॅनिश, इंडोनेशियन, अरबी अशा कितीतरी भाषांत हे काम झाले. थट्टामस्करी, आदरार्थी शब्द, बोलीतले हेल हे सगळे समजून लिहायचे काम. मोबदला म्हणजे नामोल्लेख आणि इतर चाहत्यांचे आभार. जिशिक-इनवर कोरियन माणसांनी कोरियन भाषेचा साठा उभारला, व्ही लाइव्हवर परदेशी चाहत्यांनी कोरियन भाषेबाहेरचा उभारला. दोन्हींचा लाभ एकाच कंपनीला झाला.

पैसा दुसऱ्या वाटेने आला. आभासी नाणी विकत घेऊन खास व्हिडिओ पाहायचे, वर्गणी भरून वाहिनीच्या आतल्या दालनात शिरायचे, असे मार्ग निघाले. स्पर्धकही उभे राहिले. बीटीएसच्या कंपनीने जून 2019 मध्ये वीव्हर्स काढले. त्यात चाहत्यांच्या चर्चा आणि शेजारी दुकान होते. 2020 मध्ये आलेल्या बबल या सेवेने आणखी जवळची जागा शोधली. कलाकाराचा संदेश चाहत्याच्या फोनवर खासगी चॅटसारखा उतरतो आणि त्यात चाहत्याने ठरवलेले टोपणनाव आपोआप बसते. प्रत्यक्षात तोच मजकूर त्या क्षणी हजारो जणांकडे गेलेला असतो. उलट दिशेने चाहत्याला मोजक्या अक्षरांची मोजकीच उत्तरे पाठवता येतात, आणि वर्गणी जितकी जुनी तितकी अक्षरमर्यादा वाढते. निष्ठेचे असे मोजमाप सुचणाऱ्याला व्यवहार चांगला कळत होता. एनसीसॉफ्ट या गेम कंपनीच्या युनिव्हर्स अ‍ॅपने तर कलाकाराच्या आवाजावरून यंत्राने घडवलेले फोनकॉलही देऊ केले. 2021 च्या जानेवारीत सुरू झालेले ते अ‍ॅप जेमतेम दोन वर्षांनी बंद पडले.

जानेवारी 2021 मध्ये नेव्हरने वीव्हर्स चालवणाऱ्या कंपनीत 49 टक्के हिस्सा घेतला आणि व्ही लाइव्ह तिच्यात विलीन करायचे ठरले. 31 डिसेंबर 2022 ला व्ही लाइव्ह बंद झाले. ज्या कलाकारांच्या कंपन्यांनी संमती दिली त्यांचे जुने व्हिडिओ वीव्हर्सवर गेले, बाकीच्यांचे गेले नाहीत. बंद पडलेल्या किंवा फुटलेल्या छोट्या गटांच्या बाबतीत विचारायलाच कुणी उरले नव्हते. चाहत्यांनी शेवटचे काही आठवडे व्हिडिओ उतरवून घेण्यात घालवले. थेट प्रक्षेपणाची कोरियन बाजारपेठ पुढेही हलत राहिली. वाढत्या नेटवर्क खर्चाचे कारण देत ट्विच या प्रक्षेपण सेवेने 27 फेब्रुवारी 2024 ला कोरिया सोडले, आणि ती जागा घ्यायला नेव्हरनेच चिजिजिक नावाची नवी सेवा आणली होती. आफ्रिका टीव्ही त्याच वर्षी सूप या नावाने वावरू लागले.

चाहते ‘स्ट्रीमिंग’ हा शब्द आणखी एका अर्थाने वापरतात : आवडत्या गायकाचे गाणे क्रमवारीत वर नेण्यासाठी ते ठरवून पुन्हा पुन्हा वाजवणे. कोरियातल्या मेलन या संगीतसेवेवर दर तासाला यादी बदलत असे, तेव्हा चाहते तासाचे वेळापत्रक पाळून एकत्र हल्ला चढवत. कोणती गाणी कोणत्या क्रमाने लावायची, आवाज किती ठेवायचा, याच्या मार्गदर्शिका फिरत. 2020 मध्ये मेलनने यादी चोवीस तासांच्या ऐकण्यावर बेतली. नेव्हरच्या पहिल्या पानावरची ‘आत्ता सर्वाधिक शोधले जाणारे शब्द’ ही यादीही कलाकारांच्या वाढदिवसांना चाहत्यांनी काबीज केलेली असे. इतर गैरवापरही होत होता, आणि फेब्रुवारी 2021 मध्ये ती काढून टाकण्यात आली. जागतिक पातळीवर स्टेशनहेड हे अमेरिकी अ‍ॅप याच कामाला आले. तिथे एक जण यजमान होऊन गाणी लावतो आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या स्वतःच्या स्पॉटिफाय किंवा अ‍ॅपल म्युझिकच्या सशुल्क खात्यावर ते गाणे वाजते, त्यामुळे प्रत्येकाचे ऐकणे वेगळे मोजले जाते. स्पॉटिफायवर गाणे 30 सेकंद वाजले की एक स्ट्रीम धरली जाते. यंत्राकरवी किंवा बनावट खात्यांवरून वाढवलेले आकडे मात्र गाळले जातात, आणि गाळले जाण्याच्या भीतीने चाहते अधेमधे दुसऱ्याच गायकाचे गाणे लावतात. त्या दुसऱ्या गायकाला याचा फुकटचा फायदा होतो, ही त्यातली गंमत.

महाराष्ट्रात बसून ही अ‍ॅप वापरणाऱ्यांना काही व्यावहारिक गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. अ‍ॅप फोनमधून काढून टाकले म्हणून वर्गणी थांबत नाही. ती गूगल प्ले किंवा अ‍ॅपलच्या खात्यातल्या सबस्क्रिप्शन यादीतून रद्द करावी लागते. कलाकाराच्या नावाने इन्स्टाग्राम किंवा टेलिग्रामवर थेट येऊन पैसे किंवा ओटीपी मागणारा माणूस तो कलाकार नसतो, कारण या कंपन्या कलाकारांना अधिकृत अ‍ॅपबाहेर असा संपर्क करू देत नाहीत. भारताच्या 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालील व्यक्तीची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती घेण्याची तरतूद आहे. या अ‍ॅपच्या वापरणाऱ्यांत या वयाची मुले बरीच आहेत. प्रश्नोत्तरांच्या ठिकाणी उत्तराची तारीख पहिल्यांदा पाहावी. कर, पासपोर्ट, प्रवेशप्रक्रिया यांचे नियम दरवर्षी बदलतात आणि शोधयंत्र सहा वर्षांपूर्वीचे उत्तरही तितक्याच आत्मविश्वासाने वर आणते. उत्तराखालच्या हरकती मूळ उत्तराइतक्याच वाचाव्यात. स्वतः विचारताना काय करून पाहिले, कुठे अडले आणि कोणता संदेश दिसला हे लिहिले तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. आपला फोन क्रमांक, आधार क्रमांक किंवा वैद्यकीय अहवालाचा फोटो टाकू नये. उत्तर मिळाल्यावर प्रश्न पुसला तरी त्याची प्रत कुठे कुठे गेली हे हातात राहत नाही.

नोव्हेंबर 2022 मध्ये चॅटजीपीटी आल्यापासून हा सगळा व्यवहार हलला आहे. स्टॅक ओव्हरफ्लोने महिनाभरातच त्याच्याकडून लिहून घेतलेल्या उत्तरांवर बंदी घातली, कारण ती दिसायला नीटस आणि बरेचदा चुकीची होती. त्याच संकेतस्थळाने मे 2024 मध्ये चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी करार केला, तेव्हा आपली उत्तरे यंत्राला शिकवायला जाणार म्हणून काही जुन्या सभासदांनी ती पुसायला सुरुवात केली आणि त्यांची खाती काही काळ गोठवली गेली. तिथे येणाऱ्या नव्या प्रश्नांची संख्या मोठ्या प्रमाणात घटली आहे. यंत्राला जे येते ते अशाच साठ्यांतून आले. नेव्हरने 2021 मध्ये जाहीर केलेल्या हायपरक्लोव्हा या भाषा-प्रतिमानासाठी सुमारे 56,180 कोटी टोकनांचा (शब्दांच्या तुकड्यांचा) मजकूर वापरला, आणि त्यातले सुमारे 2,730 कोटी जिशिक-इनमधले होते. गृहपाठ, पुरळ आणि प्रेमभंग यांवर जवळजवळ वीस वर्षे लोकांनी जे लिहिले, त्यातले बरेच या मार्गाने वापरात आले. उत्तरे लिहिणाऱ्यांना याचा वेगळा मोबदला मिळाला नाही.

मराठीची आजची स्थिती काही बाबतींत 2002 च्या कोरियनसारखी आहे. स्थिर ज्ञानाची सोय बरी आहे. 1976 मध्ये पहिला खंड आलेला मराठी विश्वकोश आता जालावर वाचता येतो, मराठी विकिपीडिया 2003 पासून चालू आहे. क्वोराची मराठी आवृत्तीही निघाली आणि तिच्यावर इतिहास, शेती, व्याकरण, स्पर्धा परीक्षा यांवर मन लावून लिहिलेली उत्तरे सापडतात. रोजच्या अडचणींचे प्रश्न मात्र दुसरीकडे विचारले जातात. सातबाऱ्यावरची नोंद कशी दुरुस्त करायची, जात पडताळणीला कोणते कागद लागतात, सोयाबीनवर पिवळा मोझॅक दिसतो आहे तर काय फवारायचे, हे सगळे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांत आणि फेसबुकच्या बंद समूहांत चालते. तिथे जाणती माणसे तत्परतेने उत्तर देतात, कधी आवाजी संदेशात, कधी कागदाच्या फोटोवर लाल खुणा करून. शोधयंत्र त्या गटांत शिरू शकत नाही. फोन बदलला की बरेचदा जुनी चॅट जाते, आणि दोन आठवड्यांनी गटात आलेला नवा सभासद तोच प्रश्न पुन्हा टाकतो.